आईला गाडी लागायची

एसटी तिठ्यावर यायच्या आधीच आईचा चेहरा पांढरा पडला होता. मुंबईला निघालो होतो मी, आणि मळमळत होतं तिला. डिझेलचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास, किंवा लांबच्या वळणावर नुसती गाडी दिसली तरी तिच्या पोटात ढवळायचं. तरीही पदर नाकाला लावून ती मला सोडायला आली होती. गाडी थांबली तशी तिने माझ्या मुठीत एक लिंबू कोंबलं. "हुंगत जा रे झिला. घाटात डोळे मिटून रव. आणि पोचलंस काय कागद घाल." बाबा माझी वळकटी टपावर चढवत होते. गिरणी बंद पडल्यावर ते कायमचे गावी आले होते आणि त्यानंतर मुंबईचं नाव त्यांच्या तोंडी फारसं येत नसे. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा एवढंच म्हणाले, "खिडकी सोडू नको."

बारावी करून मी घाटकोपरला मामाच्या खोलीत राहायला चाललो होतो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. चौदा तासांचा रस्ता होता. मला गाडी लागत नाही हे मला कशेडीलाच कळलं, पण लिंबू मी पनवेल येईपर्यंत हुंगत राहिलो. ते सालीसकट वाळून काळं पडलं तरी कितीतरी महिने मामाच्या खोलीत माझ्या ट्रंकेत होतं.

आपल्या वाडीच्या मुंबईकर मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तो यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. 'गावी जाण्याचे मार्ग, कुठल्या गाडीचं भाडं किती, कशात आराम किती, असं एक माहितीचं पान लिही. तुझ्याशिवाय कोण लिहिणार?' असा निरोप होता. बरोबरच आहे. मंडळाच्या गणपतीच्या गाड्यांची यादी पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. रेल्वेचं बुकिंग कुठल्या सकाळी उघडतं, कुठल्या गाडीला जादा डबा लागतो, वेटिंगवरचं कुठवरचं तिकीट पक्कं होतं, हे मला तोंडपाठ. घाटकोपरच्या मीटिंगमध्ये बाळ्या मला हाक मारतो तीच मुळी "काय रेल्वेमंत्री!" अशी. मग खांद्यावर हात टाकून, "कन्फर्म होईल ना रे दिग्या? नायतर वाट लागली यार, बायको सोडणार नाय." मी मोबाइल काढतो, बघतो आणि सांगतो. मी 'आहे' म्हटलं की आहे. 'नाही' म्हटलं की माणूस पुन्हा विचारत नाही.

तर माहिती आधी देतो. ती खरी आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे रेल्वेचा जनरल डबा. दिवा स्टेशनहून सुटणारी पॅसेंजर घ्या आणि गाडी फलाटाला लागण्याआधी तास-दीड तास जाऊन उभे राहा. बसायला मिळालं तर नशीब. त्यावर स्लीपर. त्याचं भाडं एसटीच्या निम्म्याच्या आसपास, आणि पाठ टेकायला मिळते. थ्री एसी त्याच्या अडीच पट, चादर-उशी मिळते, पण खिडकीची काच उघडत नाही, त्यामुळे रत्नागिरी कधी गेली कळत नाही. एसटी अजूनही तिठ्यापर्यंत नेते. बाकी कुठलंच वाहन नेत नाही, हे विसरू नका. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. खाजगी स्लीपर बसचं भाडं सणाला तिप्पट होतं. वरचा बर्थ म्हणजे कपाटाचा खण. म्हाताऱ्या माणसाला चढवू नका, आणि मधल्या थांब्यांचा भरवसा नाही, म्हणून आपल्या बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत. स्वतःची गाडी असेल तर सुख आहे, पण ते चार माणसं असली तरच परवडतं. विमानाला तास-सव्वा तास लागतो, पण आमच्या मुलुंडहून विमानतळावर जायचं, तिथे थांबायचं, उतरल्यावर पुन्हा गाडी करून घरी जायचं, हे धरलं तर अर्धा दिवस जातोच. आणि उडेल की नाही ते त्या दिवशी कळतं.

इथे पान संपायला हवं होतं. पण याच माहितीचा मी एकदा वापर केला, आणि त्याबद्दल सात वर्षं कुणाशीही बोललो नव्हतो. माझ्या बायकोशीसुद्धा नाही.

कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा आई पन्नाशीला येत होती आणि तोवर तिने मुंबई पाहिली नव्हती. बाबा गिरणीत होते तेव्हाही नाही, माझ्या लग्नालाही नाही. लग्न आम्ही गावीच केलं, तिला बस झेपत नाही म्हणून. गाडी लागते हे कारण आमच्याकडे कुणाला हसण्यासारखं वाटत नाही. अर्ध्या वाडीतल्या बायका त्यापायी माहेर आणि सासर यापलीकडे गेल्या नाहीत. पहिल्यांदा ती रेल्वेत बसली तेव्हा मी तिला आणायला गेलो होतो. कणकवली सुटली, तरी ती खिडकीचे गज धरून, डोळे मिटून, लिंबू नाकाला लावून बसलेली. राजापूर गेलं. मग तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे दिगू, ही गाडी लागणा नाय रे!"

नंतर ती बसलीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत डबाभर फिरली, कोण कुठली, कुणाच्या घरी काय, विचारत. चिपळूणला वडा खाल्ला. चालत्या गाडीत आई काहीतरी खाते आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. ठाण्याला उतरलो तेव्हा तिने लिंबू माझ्याकडे दिलं. म्हणाली, "रातच्याक वरणात पीळ."

त्यानंतर ती वर्षाआड यायची. माझी लेक सई झाली तेव्हा तीन महिने राहिली. आधी घाटकोपरची खोली, मग मुलुंडचं हे दोन खोल्यांचं घर. तिच्यासाठी मुंबईला येणं म्हणजे रेल्वेचं तिकीट, आणि रेल्वेचं तिकीट म्हणजे मी.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गणपती होऊन मी परतलो, आणि आठवड्याभरात बाबांचा फोन आला. आईचं पोट फुगतंय, जेवण जात नाही, अंगावरचे कपडे सैल झालेत. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन मोठ्या ठिकाणी दाखवा. "तिकिटांचा बघशीत?" मी म्हटलं, बघतो.

पितृपक्ष सुरू झाला होता. पितृपक्षात आपल्याकडे कोण प्रवास करतं? गाड्या मोकळ्या असतात. हे वाडीत मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणालाच नाही. त्या संध्याकाळी ऑफिसातून निघताना मी मोबाइलवर बघितलंही. जागा होत्या. खालचे बर्थही होते.

मी ती तिकिटं काढली नाहीत.

का, ते सरळ लिहितो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं केरळला जाणार होतो. विमानाने. आमच्यातलं कुणीच त्याआधी विमानात बसलं नव्हतं. त्यासाठी मी वर्षभर रजा राखून ठेवली होती. आईला आणलं असतं तर तपासण्या, हॉस्पिटलच्या फेऱ्या, रजा संपली असती आणि केरळ बुडालं असतं. वैशाली, माझी बायको, हे ऐकून म्हणाली असती, 'खड्ड्यात गेलं केरळ, आईंना आण.' म्हणून मी तिला विचारलंच नाही. तिला मी सांगितलं, बाबा म्हणतायत, दिवाळीनंतर येऊ. पोटाचं दुखणं आईला जुनंच होतं. गावचे डॉक्टर जरा घाबरवतातच. सव्वा महिन्याने काय होतंय? हे सगळं मी स्वतःला समजावलं, आणि मला ते पटलं. मला ते पटलं, हेच माझ्या जास्त अंगावर येतं.

दोन दिवसांनी बाबांचा सकाळीच फोन आला. ते काही बोलायच्या आत मी सुरू झालो. "बाबा, एकही तिकीट नाही. मी रोज बघतोय. दिवाळीपर्यंत सगळं फुल आहे. आणि बसने तर आणूच नका, तिला बस झेपणार नाही." तिकडे बरीच गडबड ऐकू येत होती, कसलीतरी घोषणाही. मला वाटलं बाजारात असतील. घोषणा संपली. मग म्हणाले, "बरां. मगे दिवाळी झाली काय येवया."

बस तिला झेपणार नाही. हे वाक्य मी वापरलं.

विमान किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे जातं. सईला खिडकी दिली होती. खाली खाड्या, माडांची काळी रेघ, मधेच एखादं पांढरं वाळूचं टोक. ती आठवीत होती तेव्हा. काचेला नाक लावून तिने विचारलं, "बाबा, यातलं आजीचं घर कुठलं?" वैशाली वाकून बघायला लागली. मी म्हटलं, ढग आहेत गं. ढग नव्हते.

परत आलो आणि तिकिटं बघितली तर आता खरोखरच नव्हती. दिवाळी करून सगळी मुंबई परतत होती. शेवटी गावातूनच एक मोठी गाडी भाड्याने केली. त्या पैशांत रेल्वेने पंचवीस वेळा येणं-जाणं झालं असतं. मागच्या सीटवर आईला आडवं केलं होतं, आणि तिचे पाय बाबांच्या मांडीवर. सकाळी निघालेली गाडी दिवेलागणीला मुलुंडला पोचली. मी दार उघडलं तेव्हा तिचं लुगडं ओकून ओकून भिजलेलं होतं. मुठीत लिंबू. माझ्याकडे बघून कसंबसं हसली आणि म्हणाली, "खूप लांब रे तुझा घर."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला एकट्याला आत बोलावलं. त्यांचं बोलून झाल्यावर मी एकच विचारलं. महिनाभर आधी आणलं असतं तर? ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "तसं नक्की सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता." कदाचित. या शब्दाचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. फरक पडला नसताच असं ते म्हणाले असते तर मी सुटलो असतो, आणि पडला असता म्हणाले असते तर निदान गुन्हा तरी ठरला असता.

शिमग्याच्या आधी ती गेली. गावी नेऊ, असं बाबा म्हणाले. पहाटे शववाहिका निघाली. आईच्या आयुष्यातला तो सगळ्यात महागडा प्रवास, आणि आराम म्हणाल तर सगळ्यात जास्त त्यातच. आडवं झोपून, गारव्यात, मधे कुठेही न थांबता. कशेडीच्या वळणांवर मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसलो होतो, सवयीने. तिला गाडी लागली नाही.

तेराव्याला वैशाली मला म्हणाली, "तेव्हा ट्रेनचं तिकीट मिळालं असतं तर निदान ते हाल तरी झाले नसते ना." तिच्या मनात होतं ते दिवाळीनंतरचं तिकीट. मी पत्रावळी उचलत राहिलो.

बाबांनी गाव सोडलं नाही. मी दर दोन महिन्यांनी जायचो, जाताना सगळं न्यायचो, औषधं, नवा पंखा, गुडघ्याचा पट्टा. ते म्हणायचे, "कित्याक एवढा?" मी म्हणायचो, असू दे. आमचं बोलणं तेवढंच. मंडळात मी यादी करत राहिलो. कुणाची आई यायची असली की मी स्वतःचं तिकीट रद्द करून तिला जागा द्यायचो. लोक म्हणायचे, दिग्यासारखा माणूस नाही.

यंदा गणपतीनंतर बाबा डोळे दाखवायला मुलुंडला आले. पितृपक्षात आईचा म्हाळ घालायचा होता, म्हणून परत जाताना मी त्यांच्याबरोबर निघालो. थ्री एसी बघितलं, विमानाचंही विचारलं. ते ऐकेनात. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालेला माणूस, खिशात एसटीचं कार्ड. "माका फुकट आसा. फुकट आसताना तुझे पैशे कित्याक?" मग एसटीच. दिवसाची.

माणगावच्या पुढे एका हॉटेलावर गाडी चहाला थांबली. बाबा बाकड्यावर बसले, बशीत चहा ओतला. शेजारी एक बाई रस्त्याच्या कडेला ओकत होती आणि तिचा नवरा तिची पाठ चोळत होता. आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो. मला काय झालं कुणास ठाऊक. सात वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं वाक्य बाहेर पडलं. "बाबा, तेव्हा तिकिटं होती. मी खोटं बोललो."

त्यांनी बशी खाली ठेवली नाही. घोट घेतला. "माका ठावक आसा."

"कुणी सांगितलं?"

"सांगतलो कोण? तिकटां माझ्या खिशात होती."

बशीवर फुंकर मारून ते पुढे बोलायला लागले.

"म्हटलां, झिलाक कित्याक त्रास. सकाळी स्टेशनार गेलंय, लायनीत उभो रवलंय. दोन तिकटां. दोनव खालची. थंयसूनच तुका फोन केलंय, सांगाक, की सोमवारी येतोंव."

तीच ती गडबड. तीच घोषणा.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलतलंय? तू म्हणालंस तिकीट नाय. म्हणजे तुका आमी नको होतोंव. नको आसताना आजारी माणसाक घेवन खंय जावचा?" मग म्हणाले, "खिडकेर परत दिलंय."

"आईला काय सांगितलंत?"

"तिका सांगलंय, दिगून लय बघल्यान, गावलां नाय. ती म्हणाली, बिचाऱ्याक कित्याक धावडवतास? दिवाळेनंतर जावया."

ओकणारी बाई आता शांत झाली होती. तिच्या नवऱ्याने तिला पाण्याची बाटली दिली. बाबांनी उरलेला चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"तुझो एकट्याचो नाय दोष," ते म्हणाले. "माका राग इलो तुझो. त्या रागान मी गप रवलंय. तिका घेवन तुझ्या दारात येवन उभ्या रवाक व्हया होता माका. दार काय तू लावचस नाय. पण मी गप रवलंय." आणि मग, मला नाही, त्या बशीला सांगितल्यासारखं, "त्या दिवशी तो राग गिळलो असतो, तर ती..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

कंडक्टर ओरडायला लागला, "चला, चला, बसून घ्या." बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. येताना खिडकीशी ते बसले होते. आता बाजूला सरकून थांबले आणि म्हणाले, "तू बस खिडकेक." मी चोपन्न वर्षांचा माणूस, खिडकीशी बसलो. कशेडी आली तेव्हा दोघांनीही डोळे मिटले होते. ते झोपले नव्हते. मीही नाही.

म्हाळाला वैशाली आणि सई दोन दिवसांनी आल्या. पानं वाढून झाल्यावर, मागच्या पडवीत, मी वैशालीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. फक्त म्हणाली, "मला विचारायचंस ना." आणि आत जाऊन बाबांना ताक वाढलं. अजून ती त्यावर बोलायची आहे. बोलेल तेव्हा मला ऐकायचं आहे.

वाडीतल्यांनो, मुंबईतल्यांनो, हे तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवता. पुढच्या वर्षी यादी बाळ्या करेल. त्याला सगळं शिकवून ठेवलंय, जादा डब्यांसकट. आणि तुम्हा सगळ्यांच्या मनात हे 'तिकीट नाही' कधी ना कधी आलं असेल, माझ्यासारखंच. गावाकडून फोन येतो, आपल्या घरात जागा कमी असते, किंवा जागा असते आणि जीव कमी असतो. कोकणची रेल्वे कायम भरलेली, त्यामुळे ही थाप कुणालाच खोटी वाटत नाही. त्याहून सोयीचं खोटं मला माहीत नाही.

घर म्हणजे काय, हे सांगायची माझी लायकी नाही. आई म्हणाली होती, खूप लांब रे तुझा घर. ते अंतर मुलुंडपासून मोजायचं की माझ्यापासून, याचा मी अजून विचार करतो.

मागच्या रविवारी बाबांचा फोन आला. थंडी पडायला लागली होती, गुडघे धरले होते, म्हणाले चार दिवस तुझ्याकडे येईन म्हणतो. मग नेहमीसारखंच विचारलं, "तिकीट आसा काय रे?"

"आसा, बाबा."

"बघलंस?"

"नाय."

तिकडे ते हसले बहुतेक. मी मोबाइल कानाला तसाच धरून उठलो आणि आतल्या खोलीतल्या पलंगावरची कपड्यांची चळत उचलायला लागलो.